रिमला टाकी, ब्रेकला पकड

कोरी करकरीत रिम विकत आणायची, चाक बांधायचं, आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा आणि मग त्याच चाकावर ग्राइंडर चालवून रिमच्या दोन्ही बाजू खरवडून टाकायच्या! इंग्लंड, फ्रान्स, स्पेनमधल्या ट्रायल्स सायकलपटूंच्या गॅरेजमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण हे खरवडणं म्हणजे सायकलच्या ब्रेकवर झालेला एक अतिशय हुशार प्रयोग आहे आणि तो स्वतः खेळणाऱ्यांनी केला. मोठ्या कंपन्यांनीही रिमचा पृष्ठभाग बदलून ब्रेक सुधारण्याची हीच वाट धरली.

सीट नाही, ब्रेक मात्र पाहिजेच

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी पिंपं असे अडथळे मांडलेले असतात आणि ते पाय न टेकता पार करायचे असतात. वेळ साधारण दोन मिनिटं. पाय टेकला की दंड, पाच वेळा टेकला की त्या टप्प्यातून बाहेर. स्पर्धेच्या सायकलला बसायला सीटच नसते, कारण बसायची वेळच येत नाही. चाकं दोन मापांची, २० इंची आणि २६ इंची. २० इंचीला खेळाडू ‘मॉड’ म्हणतात, २६ इंचीला ‘स्टॉक’.

हा खेळ आला मोटरसायकलवरून. स्पेनच्या कॅटलोनिया भागात पेरे पी नावाचा मोटरसायकल ट्रायल्सपटू होता, बार्सिलोनाच्या माँतेसा कंपनीत काम करणारा. त्याचा मुलगा ओट बापाच्या कसरती सायकलवर करून बघायचा. त्यातून १९८०च्या सुमारास खास या कामाची छोटी सायकल तयार झाली आणि पुढे पेरे पीने ‘माँटी’ नावाने सायकली बनवायला घेतल्या. ओट पी मोठा होऊन अनेकदा जगज्जेता झाला. १९८६पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ या खेळाची जागतिक स्पर्धा भरवतोय.

बाकीच्या जगाला या खेळाचं वेड लागलं ते एप्रिल २००९मध्ये. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा डॅनी मॅकॅस्किल हा तरुण तेव्हा एडिनबरामधल्या एका सायकल दुकानात मेकॅनिक होता. त्याच्या करामतींचा साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि लोक तो पुन्हा पुन्हा बघत राहिले. टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल नेणारा हाच तो पठ्ठ्या.

थांबता आलं, तरच उडता येतं

ट्रायल्सचा खेळाडू मागच्या एकाच चाकावर उभा राहतो. पुढचं चाक हवेत. मागचा ब्रेक गच्च आवळलेला. मग क्षणभर ब्रेक सोडायचा, त्याच क्षणी पेडलला जोराचा झटका द्यायचा, शरीर पुढे फेकायचं आणि समोरच्या दगडावर मागचं चाक टेकताच पुन्हा ब्रेक गच्च. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आता विचार करा. चाक दगडाच्या अगदी कडेवर टेकलंय, पूर्ण वजन त्याच्यावर आहे, आणि ब्रेकमधून रिम बोटभर सरकली. संपलं! चाक कडेवरून घरंगळतं, पाय खाली येतो किंवा माणूसच खाली येतो. रस्त्यावरच्या सायकलचा ब्रेक हळूहळू वेग कमी करण्यासाठी असतो. ट्रायल्सच्या ब्रेकला मधली अवस्थाच नको असते. चाक एक तर पूर्ण मोकळं, नाही तर जाम. तेही लिव्हरवरच्या एका बोटाच्या ताकदीत, कारण बाकीच्या बोटांनी हँडल घट्ट धरायचं असतं. शिवाय चाक पुढे सरकू पाहतं तसंच मागेही, म्हणजे पकड दोन्ही दिशांना सारखी हवी.

पेडलच्या झटक्यालाही तशीच तत्काळ साथ लागते. म्हणून ट्रायल्स सायकलचं फ्रीव्हील पुढे, क्रँकजवळ बसवतात आणि त्यात दात पकडण्याच्या जागा खूप असतात. काही फ्रीव्हीलमध्ये एका फेऱ्यात ७२, काहींत तर १०८. पेडल जरासं हललं की चाक लगेच ओढलं जातं.

चौपट पल्ल्याचा फायदा

डिस्क ब्रेकच्या जमान्यात ही मंडळी रिमलाच का चिकटून बसली, हे एका साध्या हिशोबात कळतं. २६ इंची चाकाच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ५५९ मिलिमीटर. म्हणजे रिम ब्रेक चाकाच्या मध्यापासून साधारण २७ सेंटिमीटरवर पकडतो. १६० मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड पकडतं ते मध्यापासून सातेक सेंटिमीटरवर. घर्षणाचं बल तेवढंच असेल, तर चाक रोखायची ताकद रिमवर जवळजवळ चौपट!

आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. डिस्क हबला घट्ट धरते, पण टायर तर रिमवर असतो. हब आणि रिमच्या मधे स्पोक आहेत आणि जोराचा झटका बसला की ते किंचित ताणले जातात, लवचतात. जागतिक दर्जाचा खेळाडू ही हालचाल पायाने ओळखतो. रिम ब्रेक थेट रिमच पकडतो, मधे काही लवचणारं येतच नाही.

एवढ्या जोराने दोन्ही बाजूंनी दाबलं की सायकलची मागची फ्रेमच बाहेर फाकते आणि लिव्हरची मेहनत तिथे वाया जाते. म्हणून दोन्ही बाजूंचे ब्रेक जोडणारी नालाच्या आकाराची एक कमान वर बसवतात. तिला ‘बूस्टर’ म्हणतात. अॅल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची तळहाताएवढी पट्टी, पण ती काढली की ब्रेक मऊ पडल्यासारखा वाटतो.

आता टाकी लावू या

पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही. मग टाकी लावणाऱ्याला बोलवायचं, तो छिन्नीने पाट्यावर बारीक खाचा पाडून द्यायचा आणि पाटा पुन्हा कामाला लागायचा. रिमचं अगदी हेच आहे. म्हणून या कामाला मी टाकीच म्हणते.

हत्यार लागतं ते अँगल ग्राइंडर, फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी ग्रिल घासायला असतो तोच. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११,०००च्या आसपास फेरे घेते, तेव्हा डोळ्यांवर गॉगल आणि नाकातोंडावर मास्क हवाच. टायर-ट्यूब काढून ठेवतात. चाक सायकलमध्येच किंवा आउट काढायच्या स्टँडवर राहू देतात, म्हणजे ते हाताने हळूहळू फिरवता येतं.

मग खरी कारागिरी सुरू होते. चकती रिमवर दाबून धरायची नाही. तिची कड रिमला नुसती टेकवायची आणि उचलायची. टेकव, उचल. प्रत्येक टेकण्याला एक बारीक तिरपी रेघ उमटते. चाक किंचित पुढे, दुसरी रेघ. दोन रेघांत दोन-तीन मिलिमीटर अंतर. पूर्ण फेरा झाला की दुसरी बाजू. कुणी सगळ्या रेघा एकाच दिशेने तिरप्या काढतं, कुणी उलट्या तिरकसात दुसरा हात देऊन फुल्यांची जाळी करतं. हात थरथरला किंवा एका जागी रेंगाळला तर तिथे खड्डा पडतो आणि मग दर फेऱ्याला ब्रेक त्या जागी धक्का देतो. सरावलेल्या माणसाची रिम बघावी. सगळीकडे सारखी, एकसंध राखाडी झाक असते तिला, आणि बोट फिरवलं तर कानशीवरून फिरवल्यासारखं लागतं.

खोली किती? मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकी. यावर खेळाडूंमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो टाकी हलकी लावा, पॅड जास्त टिकतील. दुसरा म्हणतो कडक लावा, पॅड झिजले तर झिजले, पकड लोखंडी पाहिजे. माझं मत विचाराल तर हलकी आणि एकसारखी टाकी कधीही बरी. खोल पण ओबडधोबड टाकी पहिल्या दिवशी थक्क करते आणि नंतर पॅडचा भुगा करून टाकते.

ठिणगी उडतच नाही

ग्राइंडर म्हटला की ठिणग्यांचा पाऊस डोळ्यांसमोर येतो. अॅल्युमिनियमवर तो नसतो! पोलाद घासलं की लाल-पिवळ्या ठिणग्या उडतात, अॅल्युमिनियम घासलं की नुसती चंदेरी भुकटी पडते.

आणखी एक गंमत. धातू घासायच्या नेहमीच्या चकतीतले कण बहुतेक वेळा अॅल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात. रिम अॅल्युमिनियमची, तिला खरवडणाराही त्याच धातूचा ऑक्साइड. मऊ धातू आणि त्याचंच ऑक्सिजनशी जमलेलं रूप, पण कडकपणात जमीन-अस्मानाचा फरक. मऊपणामुळे अॅल्युमिनियम चकतीच्या छिद्रांत भरून बसतं आणि चकती बोथट होते. टेकव-उचल पद्धतीत तेही कमी होतं. बारीक अॅल्युमिनियमची भुकटी पेट घेऊ शकते, तेव्हा काम संपलं की ती साचू न देता उचलून टाकायची.

पकड वाढते तरी कशी?

शाळेत आपण शिकलो की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर आणि पॉलियुरेथेन हा नियम निमूटपणे पाळत नाहीत. दाब आला की ती खाचांमध्ये शिरतात, कंगोऱ्यांभोवती आपला आकार बदलतात. मग चाक फिरायला निघालं तर त्याला पॅडचा तो शिरलेला भाग चिरत, ढकलत जावं लागतं. नुसतं घसरण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. खाचा दोन्ही दिशांना अडवतात, म्हणून मागे सरकणारं चाकही तितकंच घट्ट थांबतं.

पावसात तर फरक ठळक दिसतो. गुळगुळीत रिमवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पॅड त्याच्यावरून घसरतं. टाकीचे कंगोरे तो थर फोडून थेट पॅडला भिडतात आणि पाण्याला खाचांमधून वाट मिळते. युरोपातल्या ओल्या हवेत खेळणाऱ्यांनी ही युक्ती का उचलून धरली, ते यावरून समजावं.

टाकीच्या रिमला पॅडही वेगळी लागतात. साधी मऊ रबरं ती खाऊन टाकते. म्हणून कडक पॉलियुरेथेनची पॅड वापरतात आणि नवी पॅड बसवल्यावर पृष्ठभाग एकमेकांना जुळेपर्यंत थोडी चालवून घेतात. पॅड रिमला पूर्ण सपाट टेकलं पाहिजे. एक कोपरा जरी आधी लागला तरी निम्मी पकड गेली म्हणून समजा.

आणि आवाज! टाकीच्या रिमवर ब्रेक घासला की घर्रर्र असा खरखरीत आवाज येतो. स्पर्धेत डोळे मिटून उभं राहिलात तरी कळेल की कुणीतरी दगडावर चाक रोवलंय. हाच आवाज बदलला, रिम पुन्हा चमकायला लागली आणि उडी मारताना चाक किंचित सरकलं, की समजायचं टाकी मेली. खेळ किती चालतो त्यावर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ती वेळ येते. पुन्हा ग्राइंडर, पुन्हा टाकी.

डांबराचा खडा

ग्राइंडर हाताळायचा नसेल तर जुना उपाय आहे डांबर. रस्त्यावरचं डांबर असतं ना, त्याचा खडा घ्यायचा आणि गुळगुळीत रिमच्या दोन्ही बाजूंना हलकेच चोळायचा. ठिपके ठिपके पुरतात. पॅडने दोन-चार फेऱ्यांत ते पसरून पातळ चिकट थर होतो आणि ब्रेक असा लागतो की नवखा माणूस हँडलवरून पुढेच जाईल. खेळाडू खिशात डांबराचा तुकडा घेऊन फिरायचे आणि फेरीच्या आधी रिमवर ओढायचे.

पण पाऊस पडला की डांबराची जादू बरीचशी संपते. शिवाय त्याचा आवाज टाकीच्या घर्रर्रपेक्षा भयंकर. पॅड चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, हे सेकंदात शेकडो वेळा होतं आणि सायकल भोंग्यासारखी किंचाळते. कोरड्या हवेत, गुळगुळीत रिमवर मात्र डांबराला तोड नव्हती.

तेल काढा, पाणी भरा

ट्रायल्सवाल्यांचा लाडका ब्रेक म्हणजे जर्मनीच्या मागुरा कंपनीचा एचएस ३३, हायड्रॉलिक दाबावर चालणारा रिम ब्रेक. गुस्ताव मागेनविर्थ यांनी बाड उराख या गावी १८९३मध्ये ही कंपनी काढली आणि त्यांच्या नावाची नि गावाची अक्षरं जुळवून मागुरा हे नाव झालं. १९८७मध्ये तिने हायड्रॉलिक रिम ब्रेक आणला. जर्मनीत हा ब्रेक लांब पल्ल्याच्या सायकलींवर सर्रास दिसायचा, पण ट्रायल्सच्या खेळाडूंनी त्याला डोक्यावर घेतलं.

कंपनी त्यात निळ्या रंगाचं मिनरल ऑइल भरते. खेळाडूंनी काय केलं? तेल काढलं आणि चक्क पाणी भरलं! पाणी तेलापेक्षा पातळ, त्यामुळे बारीक नळीतून ते झटकन धावतं आणि लिव्हर सोडली की पॅड पटकन परत येतं. थंडीत नळीत बर्फ होऊ नये म्हणून त्यात गाडीच्या रेडिएटरमधलं अँटिफ्रीझ मिसळतात. कंपनीच्या पुस्तिकेत हे बसत नाही आणि आतल्या भागांवर परिणाम होऊ शकतो, हे ठाऊक असूनही लोकांनी ते केलं, कारण क्षणाच्या त्या अंशावर उडी अवलंबून असते.

गॅरेजमधली कल्पना, कारखान्यातली रिम

रस्त्यावरच्या सायकलींसाठी रिम बनवणाऱ्यांनाही हाच प्रश्न छळत होता. जुन्या युरोपीय पोलादी रिमवर ब्रेक लागायच्या पट्टीवर ठिपक्यांची नक्षी दाबून काढलेली दिसते, ती पावसात पकड मिळावी म्हणूनच. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या माविक कंपनीने सिरॅमिकचा कडक थर दिलेल्या रिम आणल्या. त्यांना वेगळी पॅड लागायची, पण चिखलपाण्यात त्या साध्या रिमपेक्षा कितीतरी जास्त टिकायच्या. मग २०११च्या सुमारास माविकचीच ‘एक्झालिथ’ आली. काळी कुळकुळीत, बारीक खाचांची, कडक थराची रिम. ब्रेक मारला की तीसुद्धा शिट्टीसारखी वाजते! पुढे अमेरिकेच्या झिप कंपनीने कार्बनच्या रिमवर खाचा ठेवून त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवले.

खाचा, कडकपणा, आवाज. ट्रायल्सच्या गॅरेजमध्ये ग्राइंडरने मिळवलेल्या गोष्टी आता रसायनशास्त्र आणि महागड्या यंत्रांतून मिळायला लागल्या. मला यात खेळाडूंचं खरं कौतुक वाटतं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण रोज पडून-उठून मिळालेलं ज्ञान होतं.

आपल्या काळ्या सायकलीचं काय?

भारतातल्या जुन्या काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या सायकली आठवा. त्यांची रबरं रिमच्या बाजूला नाही, आतल्या अंगाला, हबकडच्या बाजूला लागतात. रिम पोलादी, वर क्रोमचा मुलामा. कोरड्यात ठीक. पण जून-जुलैत, पुण्याच्या किंवा कोकणातल्या उतारावर, ब्रेक आवळूनही सायकल पळतच राहते हे ज्यांनी अनुभवलंय ते कधी विसरणार नाहीत. ‘बायसिकलिंग सायन्स’ या पुस्तकाचे लेखक, एमआयटीचे तेव्हाचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी या दुखण्यावर लिहिलंय. क्रोमच्या रिमवर साध्या रबराचं घर्षण भिजल्यावर कोरड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. म्हणून पावसात ब्रेक आधीपासून हलकेच लावून ठेवायची जुन्या लोकांची सवय अगदी शास्त्रशुद्ध. पाणी पुसलं जायला चाकाचे काही फेरे लागतातच.

डिस्क आली, तरीही

डिस्क ब्रेक सुधारत गेले, वजन कमी झालं, आणि आज स्पर्धेत पुढच्या चाकाला डिस्क सर्रास दिसते. अनेकांनी मागेही तीच घेतली. डिस्कला टाकी लागत नाही, चाकाला आउट आला तरी फारसं बिघडत नाही. तरीही मागच्या चाकाला टाकी लावलेली रिम आणि हायड्रॉलिक ब्रेक ठेवणारे खेळाडू आहेत. मागच्या चाकावर उभं राहून सगळं वजन तोलायचं असतं आणि तिथे रिमची थेट पकड त्यांना सोडवत नाही.

तुमच्या सायकलला मात्र नको

हे वाचून घरातला ग्राइंडर काढायचा मोह झाला असेल तर कृपा करून थांबा. ट्रायल्सची मागची रिम रुंद असते, टायर जाड असतो आणि हवा अगदी कमी भरलेली असते, त्यामुळे खरवडलेल्या भिंतीवर आतून येणारा दाब कमी असतो. शिवाय ती सायकल वेगाने पळतच नाही. रस्त्यावरच्या सायकलच्या टायरमध्ये दाब कितीतरी जास्त. नव्या रिमची भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, आणि ती पातळ झाली की हवेच्या दाबाने फुटू शकते, तेही उतारावर, वेगात असताना. कार्बनच्या रिमला तर ग्राइंडर लावायचा विचारसुद्धा करू नका.

त्याऐवजी दोन कामं करा. अॅल्युमिनियमच्या रिमच्या बाजूला बऱ्याचदा एक बारीक खोबण किंवा छोटे खळगे असतात. ती झिजल्याची खूण आहे. खोबण दिसेनाशी झाली असेल तर रिम बदला, पैसे वाचवू नका. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी ब्रेकची रबरं काढून बघा. त्यांत रुतून बसलेले अॅल्युमिनियमचे चकाकते तुकडे टोकदार सुईने उपटून काढा, रबराचा वरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने घासा आणि रिम ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा. अर्ध्या तासाचं काम आहे, पहिल्या सरीच्या आधी करून टाका.